सिलोसची पोथी वाचायची की नुसती पाहायची?

मध्ययुगीन स्पेनच्या हस्तलिखितांवर अलीकडे जे जाडजूड, देखणे ग्रंथ निघत आहेत, ते चाळताना चीड येते. छपाई अप्रतिम. पिवळ्या-लाल पट्ट्यांवर उभे देवदूत, सात डोक्यांचा सर्प, कोसळणारी बॅबिलोन. पण भोवतीचा मजकूर कापलेला, समास कापलेले. पुस्तकाचे पान काढून टाकून त्याचे चित्र तेवढे आपल्या हातात दिले जाते.

बुर्गोसजवळच्या सांतो दोमिंगो दे सिलोस मठात लिहिलेल्या ‘बिआतुस’ची, म्हणजे बिआतुसच्या प्रलयावरील भाष्याच्या प्रतीची, हीच गत झाली आहे. या प्रतीचा मजकूर दोमिनिकुस आणि मुन्निओ या भिक्षूंनी १०९१ च्या एप्रिलमध्ये पुरा केला. चित्रे मात्र पेत्रुसने जुलै ११०९ मध्ये संपवली. मध्ये अठरा वर्षे गेली. त्याआधीच, १०८० मध्ये, बुर्गोसच्या धर्मसभेने जुना हिस्पॅनिक उपासनाविधी मोडीत काढून रोमन विधी लागू केला होता आणि व्हिसिगॉथिक लिपीचेही दिवस भरत आले होते. तरी सिलोसचे लेखक त्याच लिपीत लिहीत राहिले. मठाच्या ओवऱ्यांत रोमानेस्क शिल्पाचे नवे वळण रुजत असताना पेत्रुस दहाव्या शतकाच्या धाटणीत रंग भरत होता. का?

हा प्रश्न कला-इतिहासकार मेयर शापिरोने १९३९ मध्ये मांडला. शैलीच्या बदलात त्याला चर्चमधला ताण दिसला, वाढती शहरे आणि मठाबाहेरचे लौकिक जीवन दिसले. प्रलयाच्या भाष्याच्या या पोथीत दोन डोंबारी येतात, एक तंतुवाद्य वाजवतो, दुसरा नाचतो. शापिरो त्यांच्यापाशी थांबतो, कारण भिक्षूच्या कानावर रस्त्यावरचे संगीत येत होते हे त्याला कळते. इतके सजग वाचन त्यानंतर क्वचितच झाले. बिआतुसच्या सचित्र प्रतींवरचे जॉन विल्यम्सचे पाच खंड (१९९४–२००३) प्रचंड कष्टाचे आहेत, पण त्यांचाही विषय मुळात चित्रेच. सन १००० मध्ये जग संपेल या भीतीतून ही चित्रे जन्मली, असे म्हणणाऱ्यांनी बिआतुसने आपले भाष्य आठव्या शतकातच लिहिले हे आठवावे. या चित्रांत आधुनिक चित्रकलेचे पूर्वज शोधणाऱ्यांविषयी बोलण्यासारखे काही नाही.

मला हवा आहे तो लिहिणारा हात. याच प्रतीच्या शेवटी लेखक आपल्या देहाचे हाल सांगतो: लिहून नजर मंदावते, पाठ वाकते, बरगड्या आणि पोट दुखते. वालेरानिका मठातल्या फ्लोरेंतियुस या लेखकानेही ९४५ मध्ये असेच लिहून ठेवले होते. आपल्याकडच्या पोथ्यांच्या अखेरीस पाठ, कंबर, मान मोडल्याचे सांगून ग्रंथ जपा म्हणणारा लेखक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा सूर परका वाटणार नाही. ही तक्रार मजकुरात आहे. मजकूर कापला की ती गेली.

समासांचेही तेच. सिलोसच्या ग्रंथसंग्रहातल्या एका लॅटिन हस्तलिखितात कठीण शब्दांचे अर्थ लोकभाषेत लिहिलेले आहेत. स्पेनमधल्या लोकभाषेचे ते अगदी सुरुवातीचे लेखी पुरावे. ते समासात आहेत! एकोणिसाव्या शतकात सरकारने मठ बंद केले आणि १८७८ मध्ये पॅरिसच्या लिलावात सिलोसची हस्तलिखिते लंडन-पॅरिसला पांगली. बिआतुस तर त्याआधीच, १८४० मध्ये, जोसेफ बोनापार्टकडून ब्रिटिश म्युझियमने विकत घेतले होते. संग्रह असा एकदा फुटलाच आहे. आता एकेक पानही फोडायचे का?

सगळे इंटरनेटवर आहे, मग छापील पुस्तकांची कटकट कशाला, असे उत्तर मिळते. पण ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर, ही पोथी आता जिथे आहे त्या ब्रिटिश लायब्ररीची डिजिटल हस्तलिखिते दीर्घकाळ पाहता येत नव्हती. त्या काळात बहुतेक वाचकांच्या हाती हेच कापलेले ग्रंथ होते. अचूक प्रतिकृती निघतात, पण त्यांच्या किमती सामान्य अभ्यासकाला झेपत नाहीत. म्हणून सिलोसचे पान छापायचे असेल तर ते चारही समासांसह, अक्षरांसह, पूर्ण छापावे. जागा पुरत नसेल तर चित्रे निम्मी करावीत.