‘तिरंगा व्हायरस’ : नाम, रूप आणि रूपकाची मर्यादा

मे २०२० मध्ये अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेर व अकोले ह्या तालुक्यांत टोमॅटोची फळे एकसारखी न पिकता पिवळ्या, हिरवट व तांबड्या चट्ट्यांची दिसू लागली. ह्या रोगास ‘तिरंगा’ हे नाव पडले. लक्षणावरून घडलेले ते नाव शेतात सार्थ होते. परंतु त्यास ‘व्हायरस’ हे पद जोडले जाताच, करोनाच्या त्या दिवसांत, टोमॅटो खाणाऱ्यासही बाधा होईल असा अर्थ त्यातून निघू लागला. वस्तुतः बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत अन्य विषाणूंसह प्रामुख्याने आढळलेला काकडी-मोझॅक विषाणू हा माव्यामार्फत पसरणारा वनस्पतींचा विषाणू असून माणसास त्याची बाधा होत नाही. शब्दाने पिकाची ही दुसरी हानी केली.

विषाणूविषयीचे आपले लेखन ‘लिपी’, ‘वाचन’, ‘प्रत’ ह्या रूपकांवर उभे असते. ती कोठवर टिकतात, हे ह्याच विषाणूच्या प्रथिनांवरून तपासता येते. त्याच्या आर.एन.ए.चे तीन खंड आहेत. दुसऱ्या खंडातील ‘२ए’ प्रथिन विषाणूच्या प्रती काढते. त्याच्याच उत्तरभागावर, एका अक्षराच्या सरकीने, ‘२बी’ ह्या दुसऱ्या प्रथिनाचा पाठ आरंभ पावतो. ‘मीनापास’ ही अक्षरे ‘मी नापास’ अशीही वाचता येतात आणि ‘मीना पास’ अशीही. त्याच जातीचा हा सभंग श्लेष होय. येथवर रूपक यथार्थ आहे.

पुढे मात्र ते तोकडे पडते. वनस्पतीस प्रतिपिंडे नसतात. ती विषाणूच्या दुहेरी आर.एन.ए.चे सुमारे एकवीस अक्षरांचे तुकडे करते व त्यांच्या आधारे विषाणूचा पाठ ओळखून तोडते. ‘२बी’ हे प्रथिन नेमके हे तुकडे अडवून ठेवते. काकडी-मोझॅकच्या निकटच्या आप्ताचे, टोमॅटो अ‍ॅस्पर्मी विषाणूचे, ‘२बी’ तुकड्यासह कसे दिसते हे २००८ मध्ये उलगडले. आकड्यासारखी वाकलेली मळसूत्रे जोडीने तुकड्याच्या खाचेत बसतात. ती अक्षरे वाचीत नाहीत. तुकड्याची जाडी व लांबी तेवढी पारखतात. म्हणूनच कोणत्याही अक्षरक्रमाचा तुकडा त्यांना चालतो.

तात्पर्य, प्रतिकृती ही वाचनाची क्रिया म्हणता येईल. प्रतिकाराचे दमन ही केवळ आकाराची पकड आहे. ‘विषाणू प्रतिकारशक्तीस फसवितो’ अशा वाक्यांत हेतूही येतो आणि माणसाचे शरीरही नकळत येते. ‘२बी प्रथिन आर.एन.ए.चे तुकडे धरून ठेवते’ हे वाक्य रुक्ष असेल. परंतु ते खरे आहे, आणि त्याने कोणाचा टोमॅटो बाजारात पडून राहत नाही.