फिरिश्त्याच्या तवारिखेतील बीबी मरियम

वैरागच्या दक्षिणेस सोलापूर, तर उत्तरेकडे बार्शीच्या पलीकडे परांडा. या दोन दुर्गांच्या टापूतील साडेपाच परगण्यांचा वाद सोळाव्या शतकात एका विवाहाशी निगडित झाला. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाची कन्या मरियम हिचे लग्न इ. स. १५२४ च्या सुमारास सोलापुरास बुऱ्हाण निजामशहाशी लागले. सोलापूरचा किल्ला व हे परगणे आंदण म्हणून ठरले. ते हाती पडले नाहीत. दुसऱ्याच वर्षी बुऱ्हाणने वऱ्हाड व बिदर यांच्या साहाय्याने सोलापुरावर चाल केली आणि पराभव पत्करला.

पुढील वैमनस्याचे आणखी एक कारण फिरिश्ता देतो. बुऱ्हाण आमिना नामक नर्तकीच्या भजनी लागला, मरियमची उपेक्षा झाली, आणि त्यामुळे तिचा भाऊ इस्माईल आदिलशहा संतापला. हे कारण कितपत ग्राह्य धरावे? उपेक्षा खोटी मानण्याचे प्रयोजन नाही. परंतु पहिले युद्ध पेटले ते न दिलेल्या किल्ल्यावरून, आणि तेथे वचनभंगाचा दोष विजापूरकडे येतो. भगिनीच्या दुःखाची कथा पुढे आली की तो दोष आपोआप झाकला जातो. फिरिश्ता प्रथम निजामशाहीत होता, १५८९ मध्ये विजापुरास आला. दोन्ही दरबार त्याच्या परिचयाचे होते. तथापि ग्रंथ त्याने विजापूरच्या आश्रयाने लिहिला, हे विसरता येत नाही.

या कथेमुळे मरियम निव्वळ उपेक्षित पत्नी होऊन बसते. वस्तुतः त्याच तवारिखेत तिच्या मातेचे चित्र अगदी निराळे आहे. पुंजी खातून ही मुकुंदराव या मराठा सरदाराच्या कुळातील. इस्माईल अल्पवयी असताना कमालखानाने राज्य बळकावू पाहिले, तेव्हा दिलशाद आगासह शस्त्र घेऊन तिने विजापूरचा राजवाडा लढविला. अशा मातेच्या तीन कन्या फिरिश्ता नोंदवितो, त्या मात्र जावयांच्या नावांनिशी : मरियम निजामशहास, खदिजा इमादशहास, बीबी सत्ती बहमनी सुलतानास. वेढा पडला की स्त्रीला कर्तृत्व मिळते. तह झाला की ती परगण्यांच्या यादीत जाते. मरियमच्या मूकतेवर कल्पनेची करुण कादंबरी रचण्यापेक्षा ही लेखनरीती तपासणे अधिक फलदायी होय.

आमिनेचा पुत्र हुसेन निजामशहा याने १५६४ च्या सुमारास आपली कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली. आंदणात सोलापूरच होते.