देऊळ म्हणजे पडदा नव्हे

वास्तूवर रात्री प्रकाशचित्रे टाकून तिला घटकाभर निराळे रूप देण्याची कला आपल्याकडे आता रूढ होऊ लागली आहे. तिला 'प्रोजेक्शन मॅपिंग' म्हणतात. सिनेमाचे चित्र सपाट पडद्यावर पडते. येथे घुमट, कमान, खांब, कोनाडा यांच्या मापाने चित्र आधी बेतून घ्यावे लागते, तेव्हा ते त्या त्या अंगावर नेमके बसते. गुजरातेतील मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरावर 2022 साली असा प्रयोग सुरू झाला. तसे काही आपल्याही क्षेत्री व्हावे, असे एखाद्या देवस्थान समितीला वाटले तर त्यात नवल नाही. म्हणूनच या कलेचे गुणदोष वेळीच पारखून घेणे अगत्याचे आहे.

या कलेची खरी पारख भव्य प्रयोगात होत नाही. तेथे आकार आणि गर्दी यांनीच मन दिपून जाते. ती होते मेजावर मांडलेल्या लहानशा पांढऱ्या प्रतिकृतीपुढे. या कलेच्या इतिहासातील दोन मोलाचे प्रयोग अशा पांढऱ्या वस्तूंवरच झाले आहेत.

पहिला प्रयोग अमेरिकन कलावंत मायकेल नायमार्क यांचा, 1980 सालचा. त्यांनी एक बैठकीची खोली सजविली, मधोमध सावकाश फिरणारा कॅमेरा ठेवला आणि खोलीतील वस्तूंचे व माणसांचे चित्रण केले. नंतर माणसे निघून गेली, खोलीतील सारे सामान पांढऱ्या रंगाने माखले गेले, आणि कॅमेऱ्याच्या जागी तसाच फिरणारा प्रोजेक्टर ठेवून तेच चित्र खोलीवर टाकण्यात आले. खुर्च्या, चित्रे, भांडीकुंडी पूर्ववत सजीव झाली. माणसे मात्र भुतासारखी भासली, कारण त्यांचे चित्र झेलायला त्यांचे देह तेथे नव्हते. आमच्या मते या कलेचा मूळ सिद्धांत येथेच हाती लागतो. जेथे आकार जागेवर आहे तेथे प्रकाश त्यात प्राण भरतो. जेथे आकार नाही तेथे तो केवळ आभास उभा करतो.

दुसरा प्रयोग आपल्या अधिक जवळचा. नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 'शेडर लॅम्प्स' ही पद्धत सिद्ध केली व 2001 साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी ताजमहालाची प्रतिकृती पांढरी रंगविली आणि दोन प्रोजेक्टरांच्या साहाय्याने तिला दगडाचा पोत, रंग व छायाप्रकाश बहाल केला. संगणकातील सूर्याची दिशा बदलावी, की प्रतिकृतीवरील छायाही सरकावी, अशी ही किमया आहे. ताजसारखी जात्याच शुभ्र वास्तू पुन्हा पांढरी करून तिला प्रकाशाने तिचेच रूप परत द्यावे, यातील मार्मिकता रसिकांच्या ध्यानी येईल.

परंतु ही किमया फुकट मिळत नाही. प्रोजेक्टर नेमका कोठे आहे हे संगणकाला कळण्यासाठी प्रतिकृतीवरील निदान सहा बिंदू मोजून जुळवावे लागतात. घुमटाची सावली मागच्या मिनारावर पडते, म्हणून दुसरा प्रोजेक्टर हवा. दोघांचा प्रकाश जेथे एकत्र येतो तेथे उजेड दुप्पट होतो, म्हणून तो मोजून कमी करावा लागतो. तिरप्या अंगावर उजेड फिका पडतो. काळा रंग तर टाकताच येत नाही. प्रोजेक्टर प्रकाश देऊ शकतो, अंधार देऊ शकत नाही. या अडचणी सोडविता सोडविता करणाऱ्याला वास्तूचा कोपरा न् कोपरा पाठ होतो. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या बेळगावच्या मुलाला महादरवाजा कोठे आणि बुरूज कोठे हे जसे कोणी शिकवावे लागत नाही, तसेच हे आहे.

मोठ्या प्रयोगांत ही साधना क्वचितच दिसते. प्राग येथील खगोलीय घड्याळाला 2010 साली सहाशे वर्षे झाली, तेव्हा त्याच्या मनोऱ्यावर झालेला प्रयोग आम्ही उत्तम मानतो. त्यात मनोऱ्याच्याच रेषा उजळल्या, त्याच्याच विटा रचल्या व ढासळल्या, त्याच्याच घड्याळाची चक्रे फिरली. वास्तूने स्वतःचे चरित्र सांगावे तसे ते होते. याउलट, जेथे भिंतीवर वाटेल ती फुले, वाटेल त्या ज्वाला आणि नाचत्या आकृती सोडल्या जातात, तेथे वास्तू आणि धुतलेली चादर यांत अंतर राहत नाही. नायमार्कच्या खोलीतील ती भुतेच पुन्हा येऊन नाचतात.

आपल्या पूर्वजांना प्रकाशाची ही मर्यादा ठाऊक होती. विषुवदिनी उगवत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यात पोचावेत, अशी अकराव्या शतकातील मोढेरा मंदिराची योजना आहे. कोल्हापुरास अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. गोव्यातील देवळांसमोरची दीपमाळ तर वास्तूच्याच अंगाने पेटते. या तिन्ही ठिकाणी प्रकाश देवळाच्या आज्ञेत आहे.

नव्या तंत्राचा आम्हास द्वेष नाही. भग्न शिल्पाचा लुप्त रंग किंवा पडलेले शिखर काही काळ प्रकाशाने दाखविता आले, तर ती मोठीच सेवा होईल; आणि दगडाला धक्का न लावता ती होते, हे विशेष. मोढेऱ्याच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. तेथे इतिहास सांगणे योग्यच. परंतु जेथे नित्य पूजा चालते, शेजारती होऊन देव निद्रिस्त होतो, तेथे त्यानंतर भिंतीवर दिव्यांचा कल्लोळ उठविणे आम्हास औचित्याचे वाटत नाही.

म्हणून समित्यांना आमची एकच सूचना आहे. कोणीही असा प्रस्ताव घेऊन आला, तर त्याला आधी आपल्या देवळाची हातभर उंचीची प्रतिकृती करावयास सांगावे आणि प्रयोग तिच्यावर दाखवावयास सांगावा. त्या पांढऱ्या प्रतिकृतीवर देऊळ दिसले, तर पुढची बोलणी करावी. नुसतेच चित्र दिसले, तर त्याला पडदा देऊन मानाने निरोप द्यावा.