उजेडाचा सल्ला आणि घाटमाथ्यावरचे घर

‘घरात भरपूर सूर्यप्रकाश येऊ द्या, मन प्रसन्न राहील’ अशा आशयाचे लेख आरोग्यविषयक पुरवण्यांत नेहमी येतात. मोठ्या खिडक्या, पांढरे पडदे, खिडकीसमोर आरसा हे त्यांतले ठरलेले उपाय. त्यामागचे विज्ञान खोटे नाही. ते अर्धेच सांगितले जाते, ही आमची तक्रार आहे.

दृष्टिपटलात मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या स्वतःच प्रकाश टिपतात, हे 2002 साली सिद्ध झाले. शरीरातील घड्याळाला दिवस-रात्र कळवणे हे त्यांचे मुख्य काम. झोप आणि मनःस्थिती या घड्याळाशी जोडलेल्या आहेत. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचे वर्णन रोझेंथाल व सहकाऱ्यांनी 1984 साली केले. पण ते अमेरिकेत, 39 अक्षांशावर. तेथे डिसेंबरचा दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा.

आता जुन्नर तालुक्यातील मढ घ्या. माळशेज घाट चढून आल्यावर लागणारे हे गाव सुमारे 19 अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरात 11 तासांचा दिवस आणि स्वच्छ ऊन. खरा अंधार जून ते सप्टेंबरचा, म्हणजे नेमका दिवस मोठा असताना! भर उन्हात 1 लाख लक्स असणारा प्रकाश दाट ढगांखाली काही हजारांवर येतो आणि मधल्या खोलीत बऱ्याचदा शंभरही भरत नाही. डोळा सरावतो, म्हणून हा फरक जाणवत नाही.

येथे ‘मोठी खिडकी ठेवा’ म्हणणे म्हणजे घरात पाणी घेणे. घाटमाथ्यावरच्या जुन्या कौलारू घरांची वळचण खाली उतरलेली आणि खिडक्या लहान असतात, त्या अज्ञानामुळे नव्हे, तर वाऱ्या-पावसामुळे. उजेडासाठी लोकांनी छपरात काचेचे कौल बसवले. ढगाळ आकाश डोक्यावर क्षितिजापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी असते. म्हणजे खिडकीला जे मिळत नाही ते कौलाला मिळते! भिंतींना चुना दिला की हाच उजेड आणखी पसरतो. पुरवण्यांत या कौलाचा उल्लेख आम्हाला कधी आढळला नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर. घरातल्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, असे हे लेख बिनदिक्कत सांगतात. ते तयार करणारे अतिनील किरण साधी काच जवळजवळ पूर्ण अडवते. त्यासाठी अंगावर थेट ऊनच हवे. तसेच, आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या उदासीनतेला खिडकी हे औषध नव्हे. तेथे डॉक्टरच हवा.

शिक्षकांनी असा लेख वर्गात जरूर वाचावा, पण तपासून. पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी, दिवा न लावता वर्तमानपत्राचा बारीक टाइप कोठपर्यंत वाचता येतो, तेथे मुलांना आपापल्या घरात खडूची रेघ मारू द्या. कोणता सल्ला आपल्या घराला लागू आहे, हे ती रेघच सांगेल.