आढावा घेण्यात आला : तज्ज्ञ संचालक आणि हरवलेला कर्ता



पत्रिकेवर आजचा विषय 'सुशासन, जबाबदार व्यवसाय आणि तज्ज्ञांचे योगदान' असा छापलाय. नाव भारदस्त आहे. मी त्याला थोडं आपल्या जिल्ह्यात आणतो.

आपल्याकडं गळीत हंगामाच्या आधी एक हंगाम असतो, तो वार्षिक सभांचा. कारखाना, दूध संघ, बँक, पतसंस्था. सगळ्यांचे अहवाल सप्टेंबरपर्यंत सभासदाच्या हातात पडतात. सभासद काय बघतो? लाभांश किती, दर फरक किती, उसाचा दर किती. ते बघितलं की अहवाल कपाटावर. मधली पानं कुणी वाचत नाही. समीक्षक म्हणून मी आज ती मधली पानं घेऊन आलोय. कवितासंग्रह वाचतो तसा अहवालही वाचता येतो. तोही कुणीतरी लिहिलेला असतो, आणि लिहिताना काय लपवायचं हे ठरवूनच लिहिलेला असतो.

या पानांची भाषा बघा. 'कामकाजाचा वेळोवेळी आढावा घेण्यात आला.' 'तज्ज्ञांचे मार्गदर्शन घेण्यात आले.' 'लेखापरीक्षकांच्या सूचनांची नोंद घेण्यात आली असून पूर्तता करण्यात येईल.' व्याकरण चोख आहे. फक्त कर्ता नाही. आढावा कुणी घेतला? मार्गदर्शन कुणी केलं, आणि ते ऐकलं की नाही? पूर्तता कोण करणार, कधी? फायदा झाला की 'मा. चेअरमनसाहेबांच्या नेतृत्वाखाली' असा कर्ता ठळक टाइपात येतो. चूक झाली की वाक्य कर्मणी होतं. हे सुशासनाचं व्याकरण आहे, आणि माझी तक्रार या व्याकरणाशी आहे.

आता तज्ज्ञांकडं येऊ. 97व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रानं 2013 साली सहकार कायदा बदलला. संचालक जास्तीत जास्त 21, आणि त्यावर बँकिंग, व्यवस्थापन, वित्त अशा क्षेत्रांतले दोन तज्ज्ञ घेता येतील असं ठरलं. पुढं 20 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती घटनादुरुस्ती राज्यांतल्या संस्थांपुरती रद्द केली, पण राज्याच्या कायद्यातला तज्ज्ञ राहिला. या तज्ज्ञाला पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मत नाही, पदाधिकारी होता येत नाही. हेतू स्पष्ट आहे. त्यानं गटातटात पडू नये, मोकळेपणानं बोलावं.

झालं काय? त्याला निवडतं कोण, तर संचालक मंडळ. म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांनीच प्रश्न विचारणारा नेमायचा. मग पॅनेलमध्ये ज्याला जागा देता आली नाही, ज्याची नाराजी काढायची आहे, तो तज्ज्ञ होतो. गावोगावी हे माहीत आहे, नावं घ्यायची गरज नाही. कायद्यानं तज्ज्ञासाठी खुर्ची ठेवली, आपण ती पुनर्वसनासाठी वापरली.

कुणी म्हणेल, हा सहकाराचा रोग आहे, खासगी कंपन्यांत खरे तज्ज्ञ असतात. मग 'सत्यम' आठवा. त्या मंडळावर कंपनी सुशासन या विषयाचेच जाणकार, हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पलेपू होते. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाते राममोहन राव होते. माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद होते. 2008 साली याच कंपनीला उत्तम सुशासनासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. 16 डिसेंबर 2008 रोजी या मंडळानं प्रवर्तकांच्या कुटुंबाच्या 'मायटास' कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. ओरड कुणी केली? भागधारकांनी. काही तासांत व्यवहार मागं घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 रोजी, रामलिंग राजूंचं पत्र आलं आणि 7,000 कोटींचा खोटा हिशोब उघड झाला. त्या घोटाळ्यात या विद्वानांचा हात होता असं मी म्हणत नाही. ज्ञान भरपूर होतं, तरी ते उपयोगी पडलं नाही, एवढंच म्हणतो. इतक्या वर्षांच्या अहवालांत जो कर्ता सापडला नव्हता, तो शेवटी कबुलीजबाबाच्या पत्रात सापडला.

मग तज्ज्ञ नकोतच का? तसं नाही. आपल्याच राज्यातलं उलटं उदाहरण बघा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले आणि पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना आणलं. भाषणाला नव्हे. गाडगीळ सुरुवातीची अनेक वर्षं कारखान्याचे अध्यक्ष होते. फरक इथं आहे. त्यांचं ज्ञान सल्ल्याच्या कागदावर राहिलं नाही. निर्णय चुकला तर शेतकरी त्यांच्याच तोंडाकडं बघणार होते. तज्ज्ञ वाक्याचा कर्ता झाला होता.

आपल्याकडं खरे प्रश्न कुणी विचारले, तेही तपासा. जिल्हा बँकेवर 2009 साली प्रशासक आले आणि 2015च्या निवडणुकीपर्यंत राहिले. तिथं जाब बाहेरून, रिझर्व्ह बँकेकडून आला. 'गोकुळ' 1963चा संघ. तो बहुराज्य करायचा प्रस्ताव 2018च्या सभेत आला, तेव्हा प्रचंड गदारोळ झाला आणि पुढं तो प्रस्ताव मागं पडला. त्यात राजकारण होतं, हे मान्य. पण संघ राज्याच्या निबंधकाच्या हाताखालून निघून केंद्राच्या निबंधकाकडं जाणार म्हणजे काय, हे दूध घालणाऱ्या माणसाला त्या गोंधळातच कळलं. आणि ऊस. तुटलेल्या उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, ही तरतूद 1966च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ती गावागावात पाठ झाली ती परिसंवादामुळं नव्हे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदांमुळं, रस्त्यावरच्या आंदोलनांमुळं.

म्हणून जबाबदार व्यवसाय म्हटलं की मला पहिल्यांदा सामाजिक दायित्व निधी आठवत नाही. 2013च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, चांगलं झालं. पण त्यामुळं बोलण्याचा सगळा भर त्या दोन टक्क्यांवर गेला. शाळेला बाकं दिली, झाडं लावली, फोटो छापला. उरलेले 98 टक्के कसे मिळवले? वजनकाटा बरोबर होता का? फौंड्रीत भट्टीपुढं उभ्या असलेल्या कंत्राटी माणसाचा भविष्य निर्वाह निधी भरला का? सांडपाणी पंचगंगेत कुणी सोडलं? नदीकाठी झाडं लावून त्याच नदीत रसायन सोडता येतं, आणि अहवालात दोन्ही वाक्यं शुद्ध मराठीत बसतात.

एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो. सभेत ओरडणाऱ्याला थकीत कर्जाची तरतूद कळते का? बहुधा नाही. बँकेचा ताळेबंद घोषणांनी वाचता येत नाही, तिथं जाणकारच लागतो. माझं म्हणणं इतकंच, की त्या जाणकारानं काय सांगितलं हे सभासदापर्यंत पोचलं पाहिजे. आज ते मंडळाच्या बंद दाराआड राहतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा स्वतंत्र संचालक राजीनामा देतो, तेव्हा त्याची कारणं जाहीर करावी लागतात. दूध घालणाऱ्याला किंवा ऊस घालणाऱ्याला तेवढं तरी कळायला हवं की नको?

तेव्हा यंदाच्या सभेसाठी तीन प्रश्न सुचवतो. प्रश्न आधी लेखी द्या, अशी सूचना बहुतेक अहवालांत असतेच. तिचा उपयोग करा. पहिला : आपले तज्ज्ञ संचालक कोण, आणि ते कशातले तज्ज्ञ? दुसरा : वर्षभरात त्यांनी कुठल्या ठरावाला लेखी विरोध नोंदवला? एकदाही नसेल, तर मार्गदर्शन नेमकं कशाचं झालं? तिसरा : दोषदुरुस्ती अहवालातला प्रत्येक दोष कुणी, कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करायचा? नाव आणि तारीख दोन्ही हवं.

'मंजूर, मंजूर' आणि 'नामंजूर, नामंजूर' यांच्या गलक्यात हे प्रश्न ऐकू जाणार नाहीत, याची मला कल्पना आहे. लेखी दिले तर निदान फाइलला राहतील, पुढच्या वर्षी त्याच कागदावर बोट ठेवता येईल. आणि उत्तर 'कार्यवाही करण्यात येत आहे' असं आलं, तर पुन्हा लिहा : कोण करत आहे?