फ्रीमेसन संघटनांमधील सहकार्य व नेतृत्व : मुंबईच्या संदर्भात एक चिकित्सा

फ्रीमेसनरी ही विश्वबंधुत्वाचा पुरस्कार करणारी संघटना होय. तथापि मुंबईतील लॉजने, म्हणजे शाखेने, माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश नाकारला. त्यांना पॅरिसमध्ये दीक्षा घ्यावी लागली. पुढे १८४३ मध्ये स्कॉटिश परंपरेतील डॉ. जेम्स बर्न्स यांच्या नेतृत्वाखाली भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन झाले. म्हणजेच समतेचे द्वार सहकार्याने नव्हे, तर नेतृत्वाच्या पुढाकाराने उघडले. याउलट १९६१ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील मध्यवर्ती मंडळांच्या सहमतीने ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ अस्तित्वात आली. मात्र तिच्या सदस्यत्वातून स्त्रिया आजही वगळल्या जातात. सारांश, संघटनांची परस्परमान्यता म्हणजे बंधुत्वाची परिपूर्ती नव्हे.