बेगुनाहीचा दाखला

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून, गावेच्या गावे उठवून तो उभा राहिला. विस्थापितांचे दुःख हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पनवेल, तळोजा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्यांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात आहे, अशा कोकणी मुसलमान कुटुंबांना हा विमानतळ सहारपेक्षा जवळचा. विमानतळाशी आपले नाते असे जुने आणि घरगुती आहे. तिथल्या तपासणीच्या रांगेशीही आहे.

या निमित्ताने त्या रांगेपासून सुरू होणारे दोन हिंदी चित्रपट पुन्हा पाहिले. राजकुमार गुप्ता यांचा ‘आमिर’ (२००८) आणि करण जोहर यांचा ‘माय नेम इज खान’ (२०१०). दोन्ही चित्रपट आपल्याकडे आपुलकीने पाहिले गेले. कोणीतरी आपली बाजू मांडली, अशी ती भावना होती. पण त्यांनी नेमकी कोणती बाजू मांडली, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

‘माय नेम इज खान’चा नायक रिझवान मूळचा मुंबईच्या बोरिवलीचा. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या रांगेत तो मान खाली घालून पुटपुटत उभा असतो, त्याला बाजूला घेतात, झडती घेतात. नाव ‘खान’. हा प्रसंग परिणामकारक आहे यात शंका नाही. तथापि दिग्दर्शकाने इथे एक गफलत केली आहे. रिझवानला स्वमग्नतेच्या जातीचा विकार आहे, त्यामुळे त्याचे वागणे चारचौघांसारखे नाही. मग त्याला थांबवले ते वागण्यामुळे की नावामुळे? वागणे विचित्र वाटले म्हणून सुरक्षा रक्षकाने चौकशी केली, तर ते त्याचे कामच आहे. नाव वाचून चौकशी केली, तर तो अन्याय आहे. सगळा वाद या दोहोंमधल्या फरकाचा आहे, आणि चित्रपट दोन्ही एकात कालवून प्रेक्षकाला फक्त हळहळायला लावतो.

पुढे तर मूळ प्रश्न हातातून पार निसटतो. लहानपणी आईने रिझवानला शिकवलेले असते की माणसे दोनच प्रकारची, चांगली आणि वाईट. शिकवण सुंदर आहे, पण नागरिकाच्या हक्काचा पाया म्हणून ती कुचकामी आहे. कारण मग आपण चांगल्यांपैकी आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी रिझवानवरच येऊन पडते. तो मशिदीत चिथावणी देणाऱ्या डॉक्टरची खबर तपास यंत्रणेला देतो. पुरात बुडालेल्या गावाच्या मदतीला धावतो. एवढे केल्यावर राष्ट्राध्यक्षांची भेट होते. ज्याने खबर दिली नाही, ज्याच्या वाट्याला पूरच आला नाही, त्या साध्या खानाचे काय? तो झडतीस पात्र आहे काय?

‘आमिर’ मला अधिक धाडसी वाटतो, निदान पहिली दहा मिनिटे. इथे अपमान अमेरिकेत होत नाही, मुंबईच्याच विमानतळावर होतो. लंडनहून परतलेला डॉक्टर आमिर अली, त्याची पुन्हापुन्हा उघडली जाणारी बॅग, तपासनिसाचा तो आवाज. राजीव खंडेलवाल यांनी गिळलेला राग फार संयमाने दाखवला आहे. पण आमिर बाहेर येतो आणि कॅमेरा मोहल्ल्यात शिरतो. तिथे प्रत्येक खिडकीतून कोणीतरी टपून पाहते आहे, प्रत्येक टपरीवाला कटात सामील असावा असा भास होतो, मटणाची दुकाने आणि अंधारे जिने यांतून भय पिकवले जाते. विमानतळावरच्या तपासनिसाची जी नजर सुरुवातीला दोषी ठरवली, तीच नजर पुढे दिग्दर्शकाने स्वतः लावली आहे. शेवटी आमिर निरपराधांना वाचवून बॉम्बसह मरतो. म्हणजे एका नायकाला चांगुलपणाचा दाखला राष्ट्राध्यक्षांकडून मिळतो, दुसऱ्याला मृत्यूकडून.

तपासणीच नको, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. १९९९ च्या कंदाहार प्रकरणानंतर २००० पासून आपले विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवले जाऊ लागले, ते योग्यच झाले. विमानात आपलीही लेकरे बसतात. प्रश्न इतकाच की नाव हा पुरावा आहे का? त्याचे उत्तर मुंबईच्या अनुभवातच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेले नॉर्थवेस्ट कंपनीचे विमान लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात माघारी नेले गेले आणि १२ भारतीय प्रवाशांना अटक झाली. मोबाइल हाताळले, वागणे संशयास्पद वाटले, असे कारण सांगितले गेले. त्याच महिन्यात लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला होता, त्यामुळे विमानातल्या लोकांची धास्ती समजू शकते. पुरावा काहीच नव्हता, सगळे सुटले. त्याच २००६ सालात दाऊद गिलानी नावाच्या माणसाने आपले नाव बदलून डेव्हिड हेडली केले. अमेरिकन पासपोर्टवर तो वारंवार मुंबईत आला, २६/११ च्या हल्ल्यासाठी जागा हेरून गेला. भारतात सहज शिरता यावे म्हणूनच नाव बदलले, हे त्याने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाला दूरदृश्य साक्षीत सांगितले. नावाच्या चाळणीत बेगुनाह अडकले आणि गुन्हेगार खाली गळून गेला. या विषयावर इतकी बोलकी दुसरी कथा मला माहीत नाही, आणि हिंदी चित्रपटाने तिच्याकडे या अंगाने पाहिले नाही.

आपणही काय केले? एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर कॉन्टिनेंटल कंपनीने माजी राष्ट्रपती कलाम यांची झडती घेतली. बातमी फुटल्यावर जुलैमध्ये संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. स्वतः कलामांनी तक्रार केली नव्हती. पुढच्याच महिन्यात नेवार्कला शाहरुख खानला थांबवले आणि पुन्हा गहजब उडाला. दोन्ही वेळा आपल्या सभांतून, लेखांतून एकच सूर होता: इतक्या मोठ्या माणसाला? या प्रश्नातच आपला पराभव आहे. मोठ्या माणसाला सूट मागणे म्हणजे लहान माणसाची झडती मान्य करणे. संविधानाचे चौदावे आणि पंधरावे कलम मोठेपणा पाहत नाही, चांगुलपणाही पाहत नाही.

डिसेंबर २०२२ पासून ‘डिजियात्रा’ आली. ज्याला हवे त्याने चेहरा दाखवावा आणि आत जावे. यंत्र नाव वाचून भुवई उंचावत नाही, हा दिलासा खरा. मात्र दारातून आत गेल्यावर कोणाला बाजूला बोलवायचे, हे अजून माणूसच ठरवतो.

आणि तो बाजूला बोलावलेला माणूस आपल्या मराठी कथेतही अद्याप नीट आलेला नाही. आखाताहून येणारा पैसा आला, एकट्या राहिलेल्या बायका आल्या, गावात उठलेले बंगले आले. पण म्हसळ्याहून पहाटे निघालेला एखादा वेल्डर, बॅगेत आईने कोंबलेले सुके बोंबील, आणि नाव विचारल्यावर मागे थबकलेली रांग, हे कोणी लिहिले नाही. त्याला पाच मिनिटांत सोडतात, विमानही मिळते. दुबईला उतरून घरी फोन करताना ती पाच मिनिटे तो सांगतो की गाळतो? ही कथा चित्रपटवाल्यांना सुचणार नाही. तीत बॉम्बही नाही आणि पूरही नाही.